संघनन बहुवारिक पायरीपायरीने: कागदावरच्या समीकरणापासून नायलॉनच्या दोरीपर्यंत

बारावी आणि बीएस्सीच्या उत्तरपत्रिकांत संघनन बहुवारिकांच्या चुका ठरावीक जागी होतात. संघनन बहुवारिक म्हणजे एकवारिके (साखळीचे सुटे छोटे रेणू) सहसा पाण्यासारखा लहान रेणू बाहेर टाकत जुळून झालेली लांब साखळी. पाण्याचे रेणू कमी-जास्त पडतात, कंसाच्या दोन्ही बाजूंचे मोकळे बंध काढायचे राहतात, नायलॉन ६ मधून नसलेले पाणी बाहेर काढले जाते, आणि प्रथिनाची साखळी बीकरमध्ये आपोआप जुळते असे गृहीत धरले जाते. प्रयोगशाळेतही तसेच: नायलॉनची दोरी तीनदा तुटते आणि दोष रसायनांना दिला जातो.

या सगळ्याचे मूळ एकच. शेवटचे सूत्र आधी पाठ केले जाते आणि त्याच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या मागाहून कशाबशा जुळवल्या जातात. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधीचा टप्पा तपासून झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

## तयारी

कागदकामासाठी दोन गोष्टी जवळ ठेवा. पहिली म्हणजे एकवारिकांची पूर्ण रचनासूत्रे. संक्षिप्त सूत्र चालणार नाही, दोन्ही टोकांचे गट उघड दिसले पाहिजेत. दुसरी म्हणजे अणुवस्तुमाने: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, क्लोरीन ३५.५. प्रत्येक उत्तर वस्तुमानाने पडताळायचे आहे. ही सवय लागली की बऱ्याच चुका परीक्षकाच्या आधी तुम्हालाच सापडतात.

## टप्पा १: क्रियात्मक गट मोजा

प्रत्येक एकवारिकावर अभिक्रिया करू शकणारे गट किती, हे सर्वांत आधी लिहा. गट म्हणजे रेणूचे हात समजा. एक हात असलेला रेणू कोणाला तरी धरतो आणि साखळी तिथेच थांबवतो. दोन हात असतील तर साखळी दोन्हीकडे वाढते. तीन हात असले की फांद्या फुटतात आणि पुढे जाळे होते.

अडिपिक आम्लाला दोन कार्बोक्सिल गट आहेत आणि हेक्झामेथिलीन डायअमाइनला दोन अमाइन गट. म्हणून नायलॉन ६,६ सरळ साखळीचे होते. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल यांचेही तसेच, त्यातून टेरिलिन हे पॉलिएस्टर मिळते. अमिनो आम्लाचे दोन हात मात्र वेगवेगळे आहेत: एक अमाइन, एक कार्बोक्सिल. त्यामुळे ते आपल्याच जातीच्या दुसऱ्या रेणूला धरू शकते, दुसऱ्या एकवारिकाची गरज पडत नाही.

फिनॉलपाशी बरेच जण फसतात. त्याचा हायड्रॉक्सिल गट एकच दिसतो, म्हणून हात एकच असे लिहिले जाते. पण फॉर्मल्डिहाइडबरोबरच्या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल गट भाग घेत नाही. वलयावरच्या दोन ऑर्थो (हायड्रॉक्सिलच्या शेजारच्या) आणि एक पॅरा (त्याच्या समोरची) अशा तीन जागा भाग घेतात. म्हणून फिनॉलचे हात तीन. बेकेलाइट एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही याचे कारण इथेच आहे.

तपासा: दोन्ही एकवारिकांचे हात प्रत्येकी दोन असतील तर उत्तरात सरळ साखळी हवी. एकाचे जरी तीन असतील आणि तुम्ही सरळ साखळी काढली असेल, तर ती नेमकी कोणत्या परिस्थितीतली हे लिहा. उदाहरणार्थ, आम्ल उत्प्रेरक आणि फिनॉल जास्त असताना बेकेलाइटच्या आधी सरळ साखळीचे नोव्होलॅक मिळते.

## टप्पा २: बाहेर काय पडणार ते ठरवा

‘संघनन म्हणजे पाणी बाहेर’ हे समीकरण डोक्यातून काढून टाका. बाहेर काय पडेल हे एकवारिकांवर अवलंबून असते.

कार्बोक्सिलिक आम्ल आणि अमाइन किंवा अल्कोहोल एकत्र आले तर पाणी. आम्ल क्लोराइड आणि अमाइन असेल तर हायड्रोजन क्लोराइड. टेरिलिन टेरेफ्थॅलिक आम्लाऐवजी त्याच्या डायमेथिल एस्टरपासून केले तर मिथेनॉल. बिस्फिनॉल आणि फॉस्जीनपासून पॉलिकार्बोनेट करताना पुन्हा हायड्रोजन क्लोराइडच सुटतो.

पाणी सुटते तेव्हा त्याचा हायड्रॉक्सिल भाग आम्लाकडून येतो आणि हायड्रोजन अमाइनकडून किंवा अल्कोहोलकडून. कागदावर पेन्सिलीने नेमके हेच अणू गोल करा. अल्कोहोलचा ऑक्सिजन बंधात टिकतो. आम्लाचा हायड्रॉक्सिल आणि अल्कोहोलचाही हायड्रॉक्सिल, असे दोन्ही गोल केले तर एस्टर बंधाला ऑक्सिजनच उरत नाही.

सावधान: पॉलियुरेथेनही दोन-दोन हातांच्या रेणूंपासून टप्प्याटप्प्याने वाढते, पण आयसोसायनेट आणि अल्कोहोल जुळताना काहीच बाहेर पडत नाही. साखळी वाढण्याची पद्धत आणि छोटा रेणू बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गीकरणाच्या प्रश्नात त्यांची गल्लत करू नका.

## टप्पा ३: पहिला बंध काढा, टोके झाकू नका

एक आम्ल आणि एक अमाइन शेजारी लिहा, गोल केलेले अणू काढा, कार्बोनिल कार्बन आणि नायट्रोजन जोडा. हा अमाइड बंध. हे दोन रेणूंचे द्विवारिक झाले. आता थांबून त्याची टोके पाहा. एका टोकाला कार्बोक्सिल शिल्लक आहे, दुसऱ्या टोकाला अमाइन. ही टोके शिल्लक नसतील तर कुठेतरी चुकले आहे.

संघनन पॉलिथिनपेक्षा वेगळे कुठे पडते, ते या द्विवारिकात दिसते. पॉलिथिनमध्ये सुरू झालेली साखळी एकेक एकवारिक भराभर गिळत जाते आणि बाकीचे एकवारिक तसेच राहते. संघननात कोणीही कोणालाही धरू शकते: एकवारिक एकवारिकाला, द्विवारिक द्विवारिकाला, दहा रेणूंची साखळी वीस रेणूंच्या साखळीला. एकवारिक लवकर संपते, पण लांब साखळ्या अगदी शेवटी तयार होतात. याचे परिणाम टप्पा ६ मध्ये येतात.

## टप्पा ४: पुनरावर्ती घटक कापून घ्या

साखळी आणखी दोन-तीन बंधांनी वाढवा, मग सारखाच तुकडा पुन्हा कुठे सुरू होतो ते शोधा. नायलॉन ६,६ मध्ये पुनरावर्ती घटकात एक अमाइनचा अवशेष (पाणी गेल्यावर उरलेला भाग) आणि एक आम्लाचा अवशेष, असे दोन्ही यायला हवेत. कंस काढताना दोन्ही बाजूंनी मोकळा बंध कंसाच्या बाहेर आला पाहिजे. तो राहिला की सूत्र बहुवारिकाचे न राहता एका छोट्या रेणूचे होते.

वस्तुमानाने पडताळा. अडिपिक आम्ल १४६, हेक्झामेथिलीन डायअमाइन ११६, बेरीज २६२. पुनरावर्ती घटकामागे दोन बंध, म्हणजे पाण्याचे दोन रेणू वजा: २६२ − ३६ = २२६. तुमच्या कंसातल्या अणूंची बेरीज २२६ यायला हवी. टेरिलिनसाठी १६६ + ६२ − ३६ = १९२.

नावातल्या आकड्यांचा क्रम: पहिला आकडा अमाइनच्या कार्बनांचा, दुसरा आम्लाच्या कार्बनांचा. नायलॉन ६,१० मध्ये सहा कार्बनांचे अमाइन आणि दहा कार्बनांचे आम्ल. आम्लाचे कार्बन मोजताना कार्बोक्सिलमधले दोन धरायचे असतात. अडिपिक आम्लात मधले कार्बन चारच आहेत, पण एकूण सहा.

सावधान, नायलॉन ६: पाठ्यपुस्तकांत तो नायलॉन ६,६ च्या शेजारी असतो, म्हणून त्यातूनही पाणी काढायचा मोह होतो. कॅप्रोलॅक्टमचे वस्तुमान ११३ आणि पुनरावर्ती घटकाचेही ११३. मग पाणी गेले कुठे? सुरुवातीला थोडे पाणी काही वलये उघडून त्यांचे सहा कार्बनांचे अमिनो आम्ल करते, त्याचे वस्तुमान १३१. बंध जुळताना ते पाणी परत सुटते. पुढे बहुतेक वलये साखळीच्या टोकावर थेट उघडून जोडली जातात. एकूण हिशेबात पुनरावर्ती घटकामागे पाणी शून्य. अमिनो आम्लापासून सुरुवात केलीत तर मात्र १३१ − १८ = ११३. सुरुवातीचा पदार्थ कोणता धरला आहे ते उत्तरात लिहाच.

## टप्पा ५: पाण्याचा हिशेब

एकाच सरळ साखळीत जितके रेणू, त्याहून एक कमी बंध. रेणूंची संख्या क असेल तर बंध क − १ आणि सुटलेले पाणीही क − १. इतकेच.

नायलॉन ६,६ च्या ५० पुनरावर्ती घटकांच्या साखळीत ५० आम्ल आणि ५० अमाइन, एकूण १०० रेणू. बंध ९९, पाणी ९९. वस्तुमान: ५० × २६२ = १३,१००, त्यातून ९९ × १८ = १,७८२ वजा, उरले ११,३१८. दुसऱ्या वाटेने: ५० × २२६ = ११,३००, अधिक दोन टोकांवरचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल मिळून १८, पुन्हा ११,३१८. दोन्ही वाटा एका आकड्यावर मिळाल्या म्हणजे हिशेब बरोबर.

समीकरणात टोकांचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल दाखवले असतील तर ९९ लिहा. टोके सोडून फक्त कंस लिहिला असेल तर १०० लिहिण्याची पद्धत आहे. दोन्हींची सरमिसळ केली की समीकरण असंतुलित होते आणि गुण जातात.

साखळीला फांद्या असल्या तरी नियम बदलत नाही. स्टार्चमधील अमायलोपेक्टिनला भरपूर फांद्या असतात आणि विद्यार्थी प्रत्येक फांदीसाठी जास्तीचे पाणी धरतात. पण ३०० ग्लुकोज फांद्यांसह जोडले तरी बंध २९९ च. कुठेही बंद कडे होत नाही तोवर एकाने कमी हा नियम टिकतो. बेकेलाइटच्या जाळ्यात अशी कडी होतात, म्हणून तिथे तो लावता येत नाही.

## टप्पा ६: लांबीचे गणित आणि समतोल

कागदावर कंसाखाली एक अक्षर लिहून मोकळे होता येते. प्रत्यक्षात ती संख्या मोठी करणे हेच सर्वांत अवघड काम आहे आणि या भागाला वर्गात नेहमी कमी वेळ मिळतो.

दोन्ही प्रकारचे हात अगदी समान असतील आणि त्यांपैकी ‘प’ इतका अंश जुळला असेल, तर सरासरी साखळीतल्या रेणूंची संख्या १ ÷ (१ − प). याला कॅरोथर्सचे समीकरण म्हणतात. आकडे घालून पाहा. ९० टक्के हात जुळले तर सरासरी साखळी १० रेणूंची. ९५ टक्क्यांना २०. ९९ टक्क्यांना १००. ९९.५ टक्क्यांना २००. इतर अभिक्रियांत ९५ टक्के म्हणजे उत्तम निकाल. इथे तेवढ्यावर ठिसूळ पूड हाती येते, धागा निघत नाही.

सावधान: या समीकरणातून रेणूंची संख्या मिळते, पुनरावर्ती घटकांची नाही. नायलॉन ६,६ मध्ये १०० रेणू म्हणजे ५० पुनरावर्ती घटक. वस्तुमानासाठी १०० ला २२६ ने गुणले तर उत्तर दुप्पट येते. सरासरी एका रेणूमागे ११३ धरा.

आता प्रमाण बिघडवून पाहा. अमाइन १ टक्क्याने जास्त पडले, तर सगळे आम्ल संपल्यावर प्रत्येक साखळीच्या दोन्ही टोकांना अमाइनच उरते आणि धरायला कोणी नसते. अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली तरी सरासरी साखळी साधारण २०१ रेणूंवर थांबते. २ टक्के जास्त असेल तर १०१. ५ टक्के असेल तर ४१.

म्हणून नायलॉन ६,६ करताना दोन्ही एकवारिके थेट तापवत नाहीत. आधी आम्ल आणि अमाइन यांचे क्षार करतात. क्षारात दोघांचे प्रमाण आपोआप एकास एक येते, आणि द्रावणाचा सामू (पीएच) मोजून ते तपासताही येते. मग हे द्रावण दाबाखाली तापवतात. दाब आधी का? अमाइन बाष्पनशील असते. सुरुवातीलाच वाफ मोकळी सोडली तर पाण्याबरोबर अमाइनही निघून जाते आणि मेहनतीने जुळवलेला समतोल बिघडतो. छोट्या साखळ्या तयार होऊन अमाइन त्यांत अडकले की दाब हळूहळू कमी करतात, पाणी जाऊ देतात आणि तापमान २७० ते २८० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. साखळ्या नको तेवढ्या लांबू नयेत म्हणून मोजून थोडे ॲसेटिक आम्ल घालतात. एकाच हाताचा तो रेणू टोके बंद करतो.

टेरिलिनची वाट उलटी दिसते. तिथे ग्लायकॉल मुद्दाम जास्त घेतात आणि आधी दोन्ही टोकांना ग्लायकॉल असलेला छोटा एस्टर करतात. मग उच्च तापमानाला निर्वातात अँटिमनीच्या उत्प्रेरकासह तो तापवतात. दोन टोके जुळताना ग्लायकॉलचा एक रेणू सुटतो आणि निर्वातामुळे निघून जातो. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात बाहेर पडणारा रेणू मुख्यतः ग्लायकॉल, पाणी नव्हे. जास्तीचे ग्लायकॉल अशा रीतीने परत निघत असल्यामुळे प्रमाण शेवटी आपोआप जुळते.

तपासा: छोटा रेणू बाहेर काढायची सोय तुमच्या उत्तरात आहे का? एस्टर आणि अमाइड बंधांची अभिक्रिया उलटही फिरते. पाणी आत राहिले तर साखळ्या तुटतात. टेरिलिनच्या जातीच्या प्लास्टिकच्या चिप्स वितळवण्याआधी कसून सुकवाव्या लागतात त्या यासाठीच. १८ वस्तुमानाचा पाण्याचा एक रेणू अख्ख्या साखळीचे दोन तुकडे करतो.

## टप्पा ७: नैसर्गिक बहुवारिकांकडे येताना

कागदावरचा हिशेब तोच राहतो. ग्लायसीनचे वस्तुमान ७५. दोन ग्लायसीन जुळले की १५० − १८ = १३२. ग्लुकोज १८०, साखळीतला घटक १६२. रेशमातले फायब्रॉइन मुख्यतः ग्लायसीन आणि ॲलॅनीनचे बनलेले असते आणि त्याच्या साखळीतला बंध नायलॉनमधलाच अमाइड बंध आहे. पैठणीचे रेशीम आणि नायलॉनचा धागा या अर्थाने एकाच कुळातले.

पण दोन ठिकाणी नायलॉनची सवय सोडावी लागते.

पहिले ठिकाण म्हणजे क्रम आणि दिशा. ग्लायसीनचे कार्बोक्सिल ॲलॅनीनच्या अमाइनशी जुळले तर एक डायपेप्टाइड मिळते, उलटे जुळले तर दुसरे. सूत्र सारखे, पदार्थ वेगळे. तीन वेगवेगळी अमिनो आम्ले एकेकदाच वापरली तरी सहा क्रम होतात. म्हणून पेप्टाइड लिहिताना मोकळे अमाइन टोक डावीकडे ठेवा. अर्ध्यात बाजू बदलू नका.

ग्लुकोजच्या बाबतीत दिशेइतकाच बंधाचा प्रकार महत्त्वाचा. स्टार्चमधील अमायलोजमध्ये पहिला आणि चौथा कार्बन अल्फा बंधाने जुळतात, सेल्युलोजमध्ये तेच कार्बन बीटा बंधाने. पुनरावर्ती घटकाचे वस्तुमान दोन्हींत १६२. फरक एवढाच, पण ज्वारीचा दाणा आपल्याला पचतो आणि कडबा जनावरांसाठी राहतो. नुसते ‘ग्लुकोजचे संघनन’ लिहून थांबलात तर कोणता पदार्थ झाला हे कळतच नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे पेशीत हे प्रत्यक्ष कसे घडते. मोकळी अमिनो आम्ले पाण्यात एकत्र ठेवली तर प्रथिन होत नाही. सगळीकडे पाणी असताना पाणी बाहेर टाकणारी अभिक्रिया आपण होऊन पुढे जात नाही. म्हणून पेशी आधी प्रत्येक अमिनो आम्ल एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून सक्रिय करते आणि ट्रान्स्फर आरएनए या वाहक रेणूवर चढवते. मग रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने जुळवणाऱ्या पेशीतल्या यंत्रावर, एकेक अमिनो आम्ल ठरलेल्या क्रमाने कार्बोक्सिल टोकाला जोडले जाते. त्या क्षणी बाहेर पडतो तो ट्रान्स्फर आरएनए. सेल्युलोज बनवताना वनस्पती यूडीपी हा वाहक गट जोडलेले ग्लुकोज वापरते आणि यूडीपी सुटतो. डीएनएची साखळी वाढताना पायरोफॉस्फेट सुटतो. म्हणजे पाणी वजा करणे हा मोकळी एकवारिके आणि तयार साखळी यांच्यातला ताळेबंद झाला. यंत्रणा विचारली असेल तर तो पुरेसा नाही.

कॅरोथर्सचे समीकरणही इथे लावू नका. ते योगायोगाने जुळणाऱ्या साखळ्यांसाठी आहे. रायबोसोमवर लांबी आधीच ठरलेली असते.

तपासा, इन्शुलिन: मानवी इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले आहेत. पेप्टाइड बंध किती? ५० लिहिले तर चूक. साखळ्या दोन आहेत, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या. म्हणून २० + २९ = ४९. या दोन साखळ्या गंधकाच्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात आणि ते बंध पाणी सोडून होत नाहीत. एकाने कमी हा नियम साखळीगणिक लावायचा असतो.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे संघनन’ असे समजू नका. नैसर्गिक रबरात आयसोप्रीनचे घटक कार्बन-कार्बन बंधांनी जोडलेले असतात. शालेय वर्गीकरणात ते समावेशन बहुवारिकांत (पॉलिथिनसारख्या, काहीही बाहेर न टाकता जुळणाऱ्या) मोडते.

## टप्पा ८: नायलॉनच्या दोरीची तयारी

आता टेबलाकडे. हा प्रयोग शिक्षकाने किंवा प्रशिक्षित व्यक्तीनेच फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात) करावा, घरी नको. गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय बाटल्या उघडू नका. इथे नायलॉन ६,१० करायचे आहे; त्यासाठीचे सेबॅकॉइल क्लोराइड (दहा कार्बनांच्या आम्लाचे क्लोराइड) आणि अमाइन दोन्ही त्वचा जाळतात. सायक्लोहेक्झेन अत्यंत ज्वलनशील आहे, त्यामुळे त्या खोलीत बर्नर पेटलेला नको.

१. हेक्झामेथिलीन डायअमाइन ४२ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून बाटलीत ते बहुधा घट्ट झालेले असते. चमच्याने खरवडू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि वितळल्यावर घ्या. २.२ ग्रॅम अमाइन ५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घातले की द्रावण गुलाबी होते आणि दोन थर लांबूनही ओळखू येतात.

२. दुसऱ्या, पूर्ण कोरड्या भांड्यात १.५ ग्रॅम सेबॅकॉइल क्लोराइड ५० मिली सायक्लोहेक्झेनमध्ये घ्या. हे अगदी शेवटी करा. आम्ल क्लोराइड हवेतल्या ओलाव्यानेही आम्लात बदलते, आणि पावसाळ्यात तर उघडी बाटली धुरकट वाफा सोडताना दिसते.

तपासा: सायक्लोहेक्झेनचे द्रावण स्वच्छ आहे का? पांढरट गढूळ झाले असेल तर क्लोराइड खराब झाले आहे. नवीन बाटली घ्या. दोरी न धरण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

प्रमाणे वाचून शंका येईल. टप्पा ६ मध्ये समतोलावर एवढा भर दिला आणि इथे अमाइनचे मोल क्लोराइडच्या तिप्पट कसे? दोन कारणे आहेत. सुटणारा हायड्रोजन क्लोराइड अमाइनच टिपून घेते, त्यामुळे क्लोराइडच्या एका मोलला बंधांसाठी एक आणि आम्ल टिपण्यासाठी एक, असे किमान दोन मोल अमाइन लागते. दुसरे म्हणजे बंध फक्त दोन थरांच्या सीमेवर जुळतात. अमाइन आणि क्लोराइड सीमेवर पोचताक्षणी जुळतात, म्हणून भांड्यातले एकूण प्रमाण इथे तितके आड येत नाही. समतोलाचा नियम वितळलेल्या एकजीव मिश्रणासाठी कडक आहे.

## टप्पा ९: थर लावा आणि ओढा

१. छोट्या बीकरमध्ये आधी गुलाबी जलीय द्रावण ५ मिली घ्या.

२. बीकर तिरका धरून सायक्लोहेक्झेनचे द्रावण ५ मिली भिंतीवरून सावकाश सोडा. ते हलके असल्याने वर तरंगते. क्रम उलटा केला तर वरून पडणारे जड पाणी थर फोडून खाली जाते आणि पहिला पापुद्रा विस्कटतो. सायक्लोहेक्झेनऐवजी डायक्लोरोमिथेन असेल तर ते पाण्याहून जड, म्हणून आधी ते.

३. हलवू नका. सीमेवर लगेच धुरकट पापुद्रा दिसेल.

४. चिमट्याने पापुद्र्याचा मध्य पकडा, कडेचा नको. सरळ वर उचला. कडेला पापुद्रा काचेला चिकटलेला असतो आणि तिथून ओढला की फाटतो. वर येणारा धागा काचकांडीला गुंडाळा आणि कांडी एकाच संथ गतीने फिरवत राहा.

पापुद्रा उचलला की खालची सीमा उघडी पडते आणि तिथे नवा तयार होतो. फार भराभर ओढलात तर नवा जमायला वेळ मिळत नाही आणि धागा तुटतो. मध्येच थांबलात तर पापुद्रा जाड होतो, अमाइनला वर यायला वाट राहत नाही आणि अभिक्रिया मंदावते. तुटला तर घाबरू नका, मध्य पुन्हा पकडा.

किती नायलॉन मिळायला हवे? वरच्या ५ मिलीत क्लोराइड साधारण ०.६३ मिलिमोल. नायलॉन ६,१० चा पुनरावर्ती घटक ११६ + २३९ − ७३ = २८२. म्हणजे जास्तीत जास्त ०.१८ ग्रॅम. इथे ७३ म्हणजे हायड्रोजन क्लोराइडचे दोन रेणू. या प्रयोगाच्या नोंदीत बाहेर पडलेला रेणू ‘पाणी’ लिहिला तर टप्पा २ पुन्हा वाचा.

सावधान: दोरी बोटांनी पिळू नका. ती बहुतेक वेळा आतून पोकळ असते आणि त्या नळीत दोन्ही द्रावणे अडकलेली असतात. दाबली की ती उडतात.

## टप्पा १०: धुणे, वजन, विल्हेवाट

गुंडाळी चिमट्याने उचलून भरपूर पाण्यात, पाणी बदलत, गुलाबी रंग जाईपर्यंत धुवा. मग फ्यूमहूडमध्येच वाळू द्या. ओली असतानाच वजन केले तर ०.१८ ग्रॅमच्या कितीतरी पुढे आकडा जातो आणि उतारा (जास्तीत जास्त शक्य वजनाच्या किती टक्के मिळाले ते) शंभर टक्क्यांवर निघतो. एका दिवसाच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी आली की तेच वजन धरा.

बीकरमध्ये उरलेले दोन्ही थर काचकांडीने जोरात ढवळा. शिल्लक क्लोराइड अमाइनशी जुळून संपते आणि नायलॉनचा गोळा हाती येतो. तो काढून धुवा आणि घनकचऱ्यात टाका. सायक्लोहेक्झेनचा थर वेगळा करून सेंद्रिय द्रावकांच्या टाकाऊ बाटलीत ओता, सिंकमध्ये अजिबात नाही. न वापरलेले सेबॅकॉइल क्लोराइडचे द्रावण पुढच्या तुकडीसाठी झाकून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ते बहुधा गढूळ झालेले असते. तेही अमाइनच्या द्रावणाबरोबर ढवळून संपवा.

नोंदवहीत दोन्ही द्रावणांची प्रमाणे, थरांचा क्रम, बाहेर पडलेला रेणू, वाळल्यानंतरचे वजन आणि उतारा लिहा. धागा तुटला असेल तर पापुद्रा कुठून पकडला होता आणि ओढण्याची गती किती होती, तेही लिहा. पुढच्या तुकडीला त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.